ॲपमधला पाऊस काढ, कुकरची शिट्टी राहू दे

प्रश्न बडोद्यातल्या एका बावीस वर्षांच्या मुलीचा आहे. डांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर, दहा बाय दहाच्या खोलीत तिनं नऊ मराठी गाणी रेकॉर्ड केली. आठ तिची स्वतःची, एक जुन्या कवितेला लावलेली चाल. सामान म्हणजे एक यूएसबी माइक, गिटार, थकलेला लॅपटॉप आणि फुकटचं सॉफ्टवेअर; काही तुकडे तर मोबाइलवरच घेतलेले. पुण्यातला एक मित्र म्हणतो, सगळं स्टुडिओत परत कर, असं बाहेर काढलंस तर हसं होईल. मैत्रीण म्हणते, लो-फाय आहे, म्हणजे मुद्दाम कच्चा ठेवलेला आवाज, असंच चालतं. चार गाणी मला पाठवून ती विचारते: काका, परत करू की असंच सोडू? गाणी कॅसेटवर उतरवून परत लॅपटॉपवर घेऊ का? आणि प्रकाशित करताना काय सांभाळायचं?

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. स्टुडिओत जाऊ नकोस. दोन गाणी परत गावी लागतील, तीही त्याच खोलीत. आणि "लो-फाय आहे, चालतं" हे मैत्रिणीचं वाक्य मनावर घेऊ नकोस. त्या वाक्यापायी जितकी चांगली गाणी फुकट गेलेली मी ऐकली आहेत, तितकी स्वस्त माइकपायी गेलेली ऐकली नाहीत.

तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये दोन प्रकारचा कचरा आहे. एक तुझ्या घरचा: खालच्या मजल्यावरचा कुकर, तारांवरून सरकणारी बोटं, खुर्चीची कुरकुर, ओळ सुरू होण्याआधी घेतलेला मोठा श्वास. दुसरा तू बाहेरून आणून वर ओतलेला: ॲपमधला पाऊस, जुन्या तबकडीची चरचर, आणि आवाजाचा वरचा सगळा भाग छाटून केलेला तो दबका इफेक्ट. पहिला बहुतेक ठेव, दुसरा सगळा काढ. आणि कुठलाही आवाज तुझ्या शब्दावर बसत असेल, तर घरचा असो की आणलेला, तो तिथून हटव. पुढे जे लिहितोय ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

पावसावर माझा राग नाही. पण ती चरचर कुठे बसते ते बघ. मराठीत आपण शब्द ओळखतो ते बरेचसे व्यंजनांवरून. क, ट, त यांचा झटका साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या (सेकंदाला इतक्या कंपनांच्या) भागात ऐकू येतो. स त्याहून वर, ४००० ते ८००० च्या पट्ट्यात. स्वर खाली असतात आणि त्यांच्यात जोर असतो, ते कशातूनही वर येतात. तबकडीची चरचर आणि पावसाची सर या दोन्ही गोष्टी नेमक्या त्या वरच्या भागात पसरलेल्या असतात. वर तू दबका इफेक्ट लावून तोच भाग कापलास. म्हणजे व्यंजनं आधी बारीक केलीस आणि मग त्यांच्यावर वाळू टाकलीस. तुझ्या पहिल्या गाण्याचं धृपद मला तीनदा ऐकावं लागलं, आणि ते अवघड शब्दांचं नाही. हेडफोन लावून तुला ते स्वच्छ कळतं, कारण ते तुला पाठ आहे. ऐकणाऱ्याला पाठ नाही.

दुसरं कारण चवीचं आहे, पटलं नाही तर सोडून दे. तुझ्या घरी तबकडी वाजवायचं यंत्र कधी नव्हतं. ती चरचर जगभर हजारो गाण्यांवर चिकटवलेल्या त्याच चार-सहा फायलींमधली आहे. नव्या पातेल्याला मुद्दाम पोचे काढण्यासारखं आहे ते. खालच्या मजल्यावरचा कुकर मात्र तुझ्याच गाण्यात आहे, बाकी कुणाच्या नाही. दुसऱ्या गाण्यात पहिलं कडवं संपल्यावर दोन ओळींच्या मधे जी शिट्टी येते, ती राहू दे. चौथ्या गाण्यातली शिट्टी मात्र 'रात्र' या शब्दावर पडते. ते गाणं नाहीतरी परत गायचं आहे, तेव्हा ती ओळ शिट्टीशिवाय येऊ दे.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, गाण्याच्या सुरुवातीला तू गच्चीवर मोबाइल धरून घेतलेला गोंगाट ठेवलायस. 'काय्पो छे'ची आरोळी, थाळ्या, शिट्ट्या, झकास आहे. पण नीट ऐक: मागे कुणाच्या तरी स्पीकरवर एक हिंदी सिनेमाचं गाणं चालू आहे आणि त्याची चाल स्पष्ट ओळखू येते. हे काढावंच लागेल. यूट्यूबचं यंत्र अशी पार्श्वभूमीतली गाणीही पकडतं, आणि मग तुझ्या गाण्याची कमाई दुसऱ्याच्या खात्यात जाऊ शकते किंवा गाणंच अडकतं. पुढच्या उत्तरायणापर्यंत थांबायची गरज नाही. तुझ्याच रेकॉर्डिंगमध्ये त्या स्पीकरवरच्या दोन गाण्यांच्या मधली काही सेकंदं सापडतील, तेवढीच घे आणि आरोळ्या त्यांवर रच.

आता गुणगुण. तिसऱ्या गाण्यात मागे एक बारीक 'हूं' सतत आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही गुणगुण ५० आणि तिच्या पटींवर, म्हणजे १००, १५० वर बसते. कानाला जास्त टोचते ती १०० ची. तुझं गाणं पांढरी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीत, आहे. खालच्या पांढरी पाचचा सूर ९८ हर्ट्झवर असतो. म्हणजे तुझ्या षड्जाच्या शेजारी, अर्ध्या सुराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका चढा, दुसरा षड्ज सबंध गाणंभर वाजतोय. तानपुरा थोडा चढा लावून ठेवला तर गायकाला जसं अस्वस्थ वाटतं, तसं ऐकणाऱ्याला वाटत राहतं आणि कारण कळत नाही. हेच गाणं दुसऱ्या पट्टीत असतं, तर मी कदाचित गुणगुण राहू दे म्हटलं असतं. इथं नाही. बहुधा ती लॅपटॉपच्या चार्जरमुळे येते. रेकॉर्ड करताना चार्जर काढ, बॅटरीवर चालव, आणि माइकची वायर फ्रिजच्या बोर्डाजवळून नेऊ नकोस. जे रेकॉर्ड झालंय त्यातून १०० आणि १५० वर अगदी अरुंद काप घे. गिटारचा आवाज किंचित हलका होईल, चालेल. नॉइज रिडक्शनचं बटण दाबून सगळं साफ करायला जाऊ नकोस. ते जोरात लावलं की श्वासाच्या टोकांना पाण्याखाली बोलल्यासारखा आवाज येतो, आणि त्या श्वासांवर तुझी अर्धी गाणी उभी आहेत.

खोलीविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण एकच तार फुगते ही तुझ्या गिटारची जी तक्रार तू स्वतः लिहिलीस ती गिटारची नाहीच. दहा फूट म्हणजे साधारण तीन मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनीची लाट अडकते ती ५६ हर्ट्झच्या आसपास, आणि मग तिच्या दुपटीवर, ११२ ला. खोली चौरस असल्यामुळे दोन्ही जोड्यांच्या भिंती एकाच ठिकाणी घुमतात; छतही दहा फुटांवर असेल तर तिन्ही. गिटारची पाचवी तार मोकळी वाजली की ती ११० हर्ट्झची. म्हणून ती तार आली की सगळं फुगतं आणि बाकीच्या तारा बिचाऱ्या वाटतात. नव्या तारा घेऊन काही होणार नाही. बसायची जागा बदल. आता तू भिंतीला पाठ टेकून बसतेस, तिथे हे घुमणं सर्वांत जास्त. खोलीच्या अगदी मधोमधही बसू नकोस, ११२ चा फुगवटा तिथेही असतो. एका भिंतीपासून तीन-सव्वातीन फूट, आणि शेजारच्या भिंतीपासून वेगळं अंतर, अशी जागा शोध. गिटार वाजवत खोलीत हळूहळू फीर, मैत्रिणीला ऐकत बसव. पाचवी तार बाकीच्यांच्या बरोबरीला आली की जमिनीवर चिकटपट्टीनं खूण कर.

गाद्या, रजया, उघडं ठेवलेलं कपड्यांचं कपाट, हे सगळं वरच्या आवाजाचे पडसाद कमी करायला छान. गाणाऱ्याच्या पाठीमागे गादी उभी करणं समोर उभी करण्यापेक्षा जास्त उपयोगी, कारण माइक तुझ्याकडे तोंड करून आहे आणि त्याला तुझ्या मागची भिंत ऐकू येते. पण ५६ आणि ११२ च्या घुमण्यावर गादीचा फारसा परिणाम होत नाही, तिथे जागाच बदलावी लागते. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नकोस. फायदा जवळपास नाही, आणि पेटले तर धडाधडा पेटतात.

परत करायची दोन गाणी कोणती? एक म्हणजे चौथं. त्यात तू अंतऱ्यात जोर केलास आणि आवाज फाटलाय. गुणगुण कापता येते, कुकर झाकता येतो; माथा उडालेली लाट परत आणता येत नाही. काही सॉफ्टवेअर तसा दावा करतात, थोडंफार सावरतातही, पण गाण्याच्या नेमक्या उंचीवर डाग राहतो. माइकचा गेन, म्हणजे आवाज आत घेण्याची पातळी, कमी ठेव. २४ बिटवर रेकॉर्ड करत असशील तर सर्वांत जोराची ओळ उणे १२ डीबीच्या आसपास पोचली (मीटरवर शून्य म्हणजे कमाल) तरी भरपूर झालं. नंतर वाढवता येतं. मीटर लाल व्हायला हवं ही समजूत टेपच्या काळातली. तोंड आणि माइक यांच्यात वीतभर अंतर ठेव. जवळ गेलीस की आवाज जाड आणि प्रेमळ वाटतो खरा, पण तो फुगवटा नंतर गिटारच्या अंगावर पडतो. जोराच्या ओळीला डोकं किंचित मागे.

परत करायचं दुसरं म्हणजे ते पंख्याखाली गायलेलं. त्या गाण्यात आवाज थरथरतो, तुला वाटलं असेल भावनेनं. नाही. फिरत्या पात्यांवरून आवाज तुटक परत येतो, त्याची ती लहर आहे. बडोद्यात मे महिन्यात बेचाळीस डिग्रीला पंखा बंद कर म्हणणं क्रूर आहे, मला माहीत आहे. पहाटे साडेचार ते सहा ही वेळ घे. कबुतरं उठायच्या आधी, दूधवाल्यांच्या मोटरसायकली सुरू व्हायच्या आधी. नवरात्र टाळ, नऊ रात्री शहरात कुठेच काही रेकॉर्ड होत नाही आणि दहाव्या दिवशी तुझाच गळा बसलेला असतो.

एक चांगली बातमी. तिसऱ्या गाण्यातला दुसरा आवाज मागे पडतो म्हणून तू ते पूर्ण परत करायचं म्हणतेस. मी तपासलं: तो प्रत्येक ओळीत सारख्याच अंतरानं मागे आहे. माणूस चुकतो तेव्हा कधी पुढे जातो, कधी मागे; इतका नियमित उशीर यंत्राचाच असतो. तू ब्लूटूथ हेडफोन लावून ते गायलंस, हो ना? ब्लूटूथमधून आवाज कानात पोचायला सेकंदाचा दहावा ते पाचवा हिस्सा सहज जातो. तू उशिरा पोचलेल्या गिटारला बरोबर धरून गायलीस. तो ट्रॅक उचल आणि डावीकडे, म्हणजे आधीच्या वेळेकडे, सरकव, दोन्ही आवाजांतले 'त' आणि 'ट' एकावर एक येईपर्यंत. दोन मिनिटांचं काम. यापुढे वायरवाले हेडफोन, शंभर-दोनशे रुपयांचे असले तरी.

आता पुण्याच्या मित्राचं म्हणणं. स्टुडिओ वाईट नसतो, माझं पोट त्यावर चाललंय. तबला, सारंगी, चार गाणारी माणसं एकत्र, असं असेल तर स्टुडिओला पर्याय नाही. पण तुझी गाणी त्या खोलीच्या मापाची आहेत. तू ती अर्ध्या आवाजात गातेस, कारण शेजारी झोपलेत. तोच अर्धा आवाज ताशी पैसे मोजत, काचेपलीकडे अनोळखी माणूस बसलेला असताना निघत नाही. तिथे सगळे जरा जास्तच गातात. टॅस्कॅम कंपनीनं १९७९ मध्ये कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं घरगुती यंत्र बाजारात आणलं. १९८१ च्या अखेरीस आणि १९८२ च्या सुरुवातीला अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंग्स्टीननं न्यू जर्सीतल्या आपल्या घरी तसल्याच यंत्रावर गाण्यांचे कच्चे मसुदे केले, बँडसाठी. नंतर बँडबरोबर ती स्टुडिओत करून पाहिली, आणि शेवटी बाहेर आली ती घरची कॅसेटच, 'नेब्रास्का' नावानं. हे मी तुला धीर द्यायला सांगत नाहीये, कारण यातली दुसरी बाजू लोक विसरतात: त्या यंत्रावरही त्याचा एकेक शब्द कळतो.

बडोद्याच्या माणसाला तर उदाहरणासाठी न्यू जर्सीलाही जायला नको. १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांनी गायक मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा सुरू केली, सूरसागराकाठचं आजचं संगीत महाविद्यालय तिचाच वारसा. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ यांनी १९०९ मध्ये ग्रामोफोन कंपनीसाठी गाणी ध्वनिमुद्रित केली. तेव्हा माइक नव्हता. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५ नंतरचं. गायक कर्ण्याच्या तोंडाशी उभा राहून गायचा आणि आवाजाच्या जोरानं सुई मेणात रेघ ओढायची. खालचा भाग नाही, वरचा नाही, मधला कसाबसा टेलिफोनइतका पट्टा. पण शब्द आणि सूर दोन्ही त्याच पट्ट्यात राहतात, आणि त्या काळच्या गायकांना ते कानानं ठाऊक होतं. तुझ्या माइकला त्यांच्या कर्ण्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकू येतं.

कॅसेटचं विचारलंस. करायचंच असेल तर एक-दोन गाण्यांपुरतं, आणि चांगल्या अवस्थेतला डेक मिळाला तरच. साधी कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगानं फिरते, इतकी हळू की रबराचा पट्टा थोडा सैल असला तरी सूर डुलतो. तो डोल गिटारवर गोड लागतो, लांब सुरावर मळमळ आणतो. हेडचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाचा, कोन बिघडलेला असला तर वरचा भाग जातो, म्हणजे परत तीच व्यंजनं गेली. सगळे ट्रॅक एकत्र करून तयार झालेलं पूर्ण मिश्रणच टेपवरून फिरव. वेगवेगळे ट्रॅक एकेक करून फिरवलेस तर परत आल्यावर ते एकमेकांना जुळणार नाहीत. आणि ऐकून बघ, बिनकॅसेटचं जास्त आवडलं तर डेक परत देऊन टाक. मला वाटतं तसंच होईल.

मिश्रणासाठी तुला महागडे प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचे इफेक्ट, लागणार नाहीत. सगळं आधी मोनोमध्ये, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून, मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर, हळू आवाजात ऐक. शब्द कळले की पुढे जा. गाण्याच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खालचं काप, तिथे तुझा आवाज नाहीच, नुसता रस्ता आहे. शब्द मागे पडत असतील तर आवाज वाढवण्याआधी गिटारमधून ३००० च्या आसपासचा भाग दोन-तीन डीबी कमी करून बघ. बहुतेक वेळा तेवढ्यानंच भागतं.

रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, तू सॉफ्टवेअरमधला 'चर्च' लावलायस. तुझ्या वाड्याला दगडी जिना आहे! लहान स्पीकर जिन्याच्या तळाशी ठेव, त्यावर नुसता तुझा आवाज वाजव, आणि वरच्या वळणावर मोबाइल ठेवून ते रेकॉर्ड कर. ती फाइल मूळ आवाजाखाली, अगदी बारीक, मिसळ. किंचित मागे-पुढे सरकवावी लागेल. शेजाऱ्यांना आधी सांग, नाहीतर कुणीतरी ओरडेल आणि तेही रेकॉर्ड होईल. (ओरडणारा सुरात असेल तर ठेव.) जिन्यातला आवाज शब्दाच्या शेपटीवर येतो, शब्दावर बसत नाही, म्हणून मला तो पावसापेक्षा बरा वाटतो.

शेवटच्या जोराचं, म्हणजे मास्टरिंगचं, लोक उगाच दडपण घेतात. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) पातळीला सगळी गाणी आणून वाजवतं. कुणी ठासून भरून दिलं तर ते खाली ओढलं जातं. ठासायची चढाओढ तुला नकोच. तुझी गाणी उणे १६ किंवा १७ वर आली तरी काही बिघडत नाही. सर्वांत उंच टोक उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नकोस, कारण पुढे फाइल दाबताना ते थोडं वर सरकतं. नऊ गाण्यांचा आपापसातला चढउतार हातानं ठरव: शांत गाणं शांतच असू दे. अल्बम सलग वाजवला की स्पॉटिफाय तो फरक तसाच ठेवतं.

तुझ्या बोलीबद्दल तू एका ओळीत भीती लिहिलीस, पुण्याचे लोक हसतील म्हणून. आपली बडोद्याची मराठी आहे तशी गा. गुजरातीचा जो वास तिला आहे तो तुझ्या गाण्यांना शोभतो, आणि तू दोन ठिकाणी शब्द 'शुद्ध' करून गायलीस तिथेच नेमकी लय अडखळते. यावर मी जास्त लिहीत नाही.

कवितेचं मात्र नीट ऐक, कारण यात लोक फसतात. राजकवी चंद्रशेखरांच्या कवितेला तू चाल लावलीस. ते १९३७ मध्ये वारले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष धरून ६० वर्षं हक्क चालतो, म्हणजे तो केव्हाच संपलाय. कुणाची परवानगी नको. नाव मात्र ठळक दे. पण याच धिटाईनं पुढच्या अल्बमसाठी बडोद्याच्याच दुसऱ्या राजकवींना, यशवंतांना, हात लावू नकोस. ते १९८५ मध्ये गेले. त्यांच्या कवितांवर २०४५ अखेरपर्यंत वारसांचा हक्क आहे, लेखी परवानगी लागेल. कविता जुनी वाटते म्हणून ती मोकळी असते असं नाही. शिवाय मूळ कविता घे, कुणी संपादकानं अलीकडे बदलून छापलेला पाठ किंवा त्याच्या टिपा उचलू नकोस.

तुझ्या स्वतःच्या गाण्यांत तीन वेगळे हक्क आहेत: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. तिन्ही आज तुझे आहेत. ज्या मित्रानं दोन गाण्यांवर कहोन (वर बसून वाजवायची लाकडी पेटी) वाजवलाय त्याच्याशी एका कागदावर लिहून घे, तो नुसता वादक आहे की चालीत भागीदार, आणि किती टक्के. आत्ता मैत्री आहे म्हणूनच आत्ता लिहा. एखादी कंपनी "सगळे हक्क कायमचे" असा कागद पुढे करेल, तर घाईत सही नको. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानंही कुणाला लिहून देता येत नाही, वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून. हे त्या कागदवाल्यालाही माहीत असतं, तुला माहीत आहे हे त्याला कळू दे. गाणी बाहेर पडायच्या आधी आयपीआरएसची, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीची, सभासद हो, शब्द आणि चाल दोन्हीसाठी, आणि प्रत्येक गाण्याची तिथे नोंद कर.

स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणी पोचवणाऱ्या वितरकामार्फत ती चढवताना प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेव. उद्या वितरक बदललास तर तोच क्रमांक पुढे न्यायचा, म्हणजे आधीचे आकडे तुटत नाहीत. वितरक दरवर्षी पैसे घेतो की एकदाच, आणि पैसे भरणं थांबवलं तर गाणी उतरवतो का, हे आधी वाच. भाषेच्या रकान्यात मराठी निवड. बडोद्याचा पत्ता बघून आपोआप गुजराती पडलेलं मी पाहिलंय. तुझ्या नावाचं रोमन स्पेलिंग एकदाच ठरव आणि सगळीकडे तेच वापर, नाहीतर एका नावाचे दोन कलाकार तयार होतात.

पैशाची आशा आत्ता ठेवू नकोस. २०२४ पासून स्पॉटिफायवर गाणं आधीच्या बारा महिन्यांत १००० वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्या ध्वनिमुद्रणाचे पैसेच मिळत नाहीत. म्हणून "दहा हजार स्ट्रीम इतक्या रुपयांत" असं सांगणारे मेसेज येतील, त्यांना उत्तरही देऊ नकोस. ते खोटे स्ट्रीम असतात आणि पकडले गेले की गाणंच काढलं जातं. त्यापेक्षा डांडिया बाजारातल्या किंवा राजमहाल रोडवरच्या कुणाच्या दिवाणखान्यात पंचवीस-तीस माणसं बसव, माइक न लावता नऊच्या नऊ गा. अल्बम निघायच्या आधी. कुठल्या ओळीला लोक पुढे झुकतात आणि कुठे मोबाइल काढतात ते बघ. गाण्यांचा क्रम त्यावरून लाव. आत्ताचा क्रम तू ती लिहिलीस त्याच क्रमानं लावलेला दिसतोय, आणि तीन संथ गाणी लागोपाठ येतात.

एक काम आजच कर. लॅपटॉप थकलाय म्हणतेस, तर प्रत्येक गाण्याचे सुटे ट्रॅक, काही न लावता, सगळे शून्यापासून सुरू होणारे, वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढ आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेव. एक प्रत घराबाहेर. फायलींची नावं 'फायनल', 'फायनल नवीन' अशी नकोत: गाणं, वाद्य, टेक, तारीख. मग पाऊस आणि चरचर काढलेलं पहिलं गाणं मला पाठव, बाकी काहीही न बदलता. धृपद एका ऐकण्यात कळलं तर पुढच्या आठ गाण्यांना तेच लावू. नाही कळलं तर गिटारकडे बघावं लागेल.